एका सायकलीला किती मेंढ्या

रविवार, १४ डिसेंबर. सकाळी सहा वाजून दहा मिनिटे. सोलापूरच्या अक्कलकोट रस्त्याला लागून असलेल्या एका नव्या वसाहतीच्या जोडरस्त्यावर एकशे चौदा मेंढ्या थांबल्या आणि रस्ता चाटू लागल्या. तापमान पंधरा अंश होते. कोणीही जखमी नाही.

कोणतीही वस्तू घेण्याआधी ती कशासाठी हवी हे ठरवावे लागते, आणि ते ठरवण्यासाठी समिती नेमावी लागते. जो समाज वस्तू आधी घेतो आणि समिती मागून नेमतो, त्याच्या हाती शेवटी वस्तू आणि समिती दोन्ही राहतात, व दोन्हींची देखभाल करावी लागते. सोलापूरच्या ‘सूर्योदय हिवाळी सायकल मंडळा’ला हे सत्य नोव्हेंबरअखेर कळले. उशिरा कळले असे म्हणता येणार नाही, कारण मंडळाची स्थापनाच एक नोव्हेंबरची आहे.

सोलापुरात हिवाळा नसतो असा बाहेरगावी गैरसमज आहे. हिवाळा असतो. तो रोज पहाटे पाचला येतो आणि साडेआठला जातो. नऊनंतर त्याची चौकशी करणाऱ्यास बत्तीस अंश तापमान भेटते. या साडेतीन तासांचा पुरेपूर उपयोग व्हावा, या हेतूने अकरा नागरिक एकत्र आले. अध्यक्ष गुरुशांत म्हमाणे (वय ५२) यांचा सात रस्त्याजवळ वह्या-कागदांचा घाऊक व्यापार आहे. चिटणीस रेश्मा येमूल (वय ३८) अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवतात. घरी तीन पिढ्या चादरींचे माग चालल्यामुळे मोजमापाच्या बाबतीत त्यांना कोणी फसवू शकत नाही. उरलेले नऊ जण सर्वसाधारण सभासद असून त्यांच्याकडे हातमोजे आहेत.

मंडळाचा नोव्हेंबरचा अहवाल उपलब्ध आहे. त्यातील ठळक आकडे असे: ठरलेले दौरे तेरा, झालेले दौरे चार. प्रत्यक्ष सायकलवर बसून गेलेला वेळ सात तास. सायकलींच्या देखभालीत गेलेला वेळ एकसष्ट तास. देखभालीविषयीच्या चर्चेत गेलेला वेळ (व्हॉट्सअ‍ॅपवरील चर्चा धरून) दोनशे बारा तास. हरवलेले हातमोजे तीन, सर्व डाव्या हाताचे.

आकडे वाचून मंडळ अंतर्मुख झाले. अठ्ठावीस डिसेंबरला सोलापूर ते अक्कलकोट असा पहिला मोठा हिवाळी दौरा जाहीर झालेला होता. त्याआधी फारशी देखभाल न मागणारी, हिवाळ्यात टिकणारी एक रोड बाइक निवडावी, आणि अकराही जणांनी तीच घ्यावी, असा ठराव झाला. (एकसारखी घेण्यामागचा हेतू असा, की एकाची बिघडली की सगळ्यांची बिघडावी आणि कोणी पुढे निघून जाऊ नये.) निवड समितीत मंडळाचे अकराच्या अकरा सभासद घेण्यात आले. त्यामुळे समितीने मंडळाला विश्वासात घेतले नाही, ही तक्रार मुळातच संपली.

समितीने पहिली भेट सात रस्त्याजवळच्या शाकीर नदाफ यांना दिली. नदाफ तीस वर्षे सायकली दुरुस्त करतात. भेटीस चार मिनिटे लागली. इतिवृत्तात ती पूर्ण नोंदवलेली आहे.

“शाकीरभाई, हिवाळ्यात चालंल आणि लई बघावं लागणार नाही, अशी रोड बाइक कुठली?” अध्यक्षांनी विचारले.

“हिवाळा सोडा ओ मालक. हितं काटा हाय आन् धूळ हाय. जरा जाड टायर घ्या, मडगार्ड लावा, गिअर कमी घ्या. पंधरा दिसाला साखळीला तेलाचा थेंब. बस, हो गया.”

“बस?”

“और क्या? चहा सांगू?”

समितीने चहा घेतला आणि सल्ला नाकारला. नाकारण्याची कारणे तीन. एक, उत्तर ताबडतोब आले. म्हणजे त्यावर विचार झालेला नव्हता. दोन, उत्तरासोबत आकृती, तक्ता किंवा इंग्रजी शब्द नव्हता (‘गिअर’ आणि ‘टायर’ हे आता इंग्रजी मानले जात नाहीत). तीन, त्या वर्णनाची सायकल नदाफ यांच्या शेजारचे दूधवाले बारा वर्षे विनातक्रार वापरत आहेत. तेव्हा तीत संशोधनाला जागा राहिलेली नाही.

मग समिती इंटरनेटकडे वळली. तेथे बर्फाळ देशांतील अनुभवी सायकलस्वारांनी हिवाळी सायकलीचे बावीस निकष दिलेले होते. सायकल बर्फावर घसरू नये. दुपारी तीनला अंधार पडल्यास तिला दिवा असावा. आणि सर्वांत महत्त्वाचे: त्या देशांत रस्त्यावरचा बर्फ वितळवण्यासाठी मीठ टाकतात, त्या मिठाने साखळी गंजते, गंजली की देखभाल वाढते, तेव्हा सायकल मिठाला पुरून उरणारी असावी. बावीसपैकी चौदा निकष मिठाचे होते. समितीने बावीसही निकष एकमताने स्वीकारले. सोलापूरच्या सायकलस्वारांना जागतिक दर्जापेक्षा कमी का द्यावे, हा अध्यक्षांचा प्रश्न बिनतोड होता.

चाचणीसाठी तीन सायकली मागवण्यात आल्या. कोणावर अन्याय नको म्हणून त्यांची नावे झाकून त्यांना अ, ब आणि क म्हणण्यात आले. ‘अ’ कार्बनची होती. तिला बावीस गिअर, डिस्क ब्रेक आणि बॅटरीवर चालणारा गिअरचा खटका होता. ‘ब’ अ‍ॅल्युमिनियमची, मध्यम. ‘क’ला जरा जाड टायर, मडगार्ड आणि मोजके गिअर होते.

घसरण्याच्या चाचणीसाठी बर्फाच्या कारखान्यातून चार लाद्या आणल्या. टेम्पोला उशीर झाला आणि सायकली येईपर्यंत लाद्या गटारीच्या वाटेने निघून गेल्या. एकही सायकल घसरली नाही, तिन्ही उत्तीर्ण. दुपारी तीनला अंधार पडावा म्हणून समितीने दोन दिवस वाट पाहिली. शेवटी एका सर्वसाधारण सभासदाच्या डोळ्यांवर काळी पट्टी बांधून चाचणी उरकली. ते आता बरे आहेत.

राहिले मीठ. सोलापुरात रस्त्यावर मीठ नसते. यावर दोन उपाय होते: निकष वगळणे किंवा मीठ आणणे. निकष वगळण्याचा अधिकार समितीला नव्हता, कारण ते तिने केलेले नव्हते. म्हणून रस्त्यावर मीठ टाकून मिळावे असा रीतसर अर्ज एका कार्यालयात करण्यात आला. दोन दिवसांत उत्तर आले, हे मुद्दाम नमूद केले पाहिजे. ‘बर्फवृष्टी झाल्याचा पंचनामा जोडल्यास मागणीचा विचार करता येईल,’ असे त्यात होते. पंचनामा मिळण्यासारखा नसल्याने मंडळाने स्वावलंबनाचा मार्ग धरला. शनिवारी, तेरा डिसेंबरला, सायंकाळी साडेपाचला सहा पोती जाडे मीठ त्या दोनशे मीटर जोडरस्त्यावर पसरण्यात आले. वर पाणी मारले. तिन्ही सायकली त्यात आडव्या ठेवल्या, साखळ्यांवर आणखी दोन-दोन मुठी टाकल्या, आणि सभासद घरी गेले. सकाळी गंज मोजायचा होता.

बिरुदेव कोळेकर (वय ४६) आणि चिमाबाई कोळेकर (वय ४३) हे सांगोला तालुक्यातले दांपत्य याच सुमारास शहराच्या कडेने मेंढ्या घेऊन वळसंगकडे चालले होते. त्यांचा सायकलींशी काही संबंध नव्हता. एका घोड्यावर संसार, दोन कुत्री, एकशे चौदा मेंढ्या. वळसंगच्या अलीकडे शिवानंद नावाच्या शेतकऱ्याचे नऊ एकर रान आहे. त्यातला कांदा निघालेला. रान रिकामे झाले की शेतकरी मेंढ्या बसवून घेतो. मेंढ्यांना कांद्याची पात, बांधावरचा पाला आणि विहिरीचे पाणी मिळते, रानाला खत मिळते, मेंढपाळाला वर ज्वारीची दोन पोती. असे वीस दिवस ठरलेले होते. अट एकच: मंगळवारी, सोळा तारखेला, दिवस बुडायच्या आत मेंढ्या रानात हव्यात. शिवानंद यांना पुढे पेरणी होती आणि दुसरा एक कळप रान मागत होता. हे रान हुकले, तर संक्रांतीपर्यंत मेंढ्यांना चारा कुठे, याचे उत्तर बिरुदेव यांच्याकडे नव्हते.

रविवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी पुढची मेंढी थांबली. मागच्या एकशे तेरा तिला येऊन भिडल्या.

“आगं, ह्ये काय सांडलंय?” बिरुदेव म्हणाले.

चिमाबाईंनी खाली वाकून बोट लावले, जिभेवर ठेवले. “मीट हाय. जाडं मीट.”

“पोतं फाटलं आसंल टेंपोतनं.”

“दोनशे पावलं फाटतच गेलं व्हय?”

मेंढ्यांना अधूनमधून मीठ लागते आणि मेंढपाळ ते देतात. या कळपाला तीन आठवडे मिळालेले नव्हते. मेंढीला लक्षात राहत नाही असे मानले जाते. मिठाच्या बाबतीत तिची स्मरणशक्ती कोणत्याही इतिवृत्तापेक्षा पक्की आहे. कुत्री भुंकली, काठी आपटली, बिरुदेव यांनी दोन मेंढ्या कान धरून ओढल्या. त्या गेल्या आणि दुसऱ्या बाजूने परत आल्या.

सहा वाजून चाळीस मिनिटांनी समिती गंज मोजायला आली. रेश्मा येमूल यांच्या हातात भिंग होते. त्यांनी ‘अ’ची साखळी तपासली, मग ‘ब’ची, मग ‘क’ची. गंज शून्य. मीठही शून्य. तिन्ही सायकली विकत आणल्या त्या दिवसाहून स्वच्छ होत्या. त्या वेळी ‘अ’ला आळीपाळीने एक्केचाळीस मेंढ्या चाटत होत्या, ‘ब’ला सतरा, ‘क’ला पाच. उरलेल्या एक्कावन्न रस्त्यावर होत्या. (‘अ’ला मीठ अडकायला खाचाखोचा जास्त आहेत, एवढाच याचा अर्थ. मेंढ्यांना कार्बन आवडतो असा निष्कर्ष एका सभासदाने घाईने काढला होता, तो नंतर मागे घेण्यात आला.)

“मामा, ह्या मेंढ्या गंज काढायला ठेवल्यात का?” रेश्मा येमूल यांनी विचारले.

“पोटासाटी ठिवल्यात, बाई.”

“पण काय सफाई केली आहे बघा.”

“ती मीट खात्यात. तुमच्या सायकली मदी आल्या.”

बिरुदेव यांनी मंगळवारची अडचण सांगितली. मीठ झाडून घ्या, मेंढ्या निघतील, असे सुचवले. अध्यक्षांनी ते शांतपणे ऐकून घेतले. मंडळ सगळ्यांचेच शांतपणे ऐकून घेते.

“मामा, दोन दिवस थांबा की. शास्त्राचा प्रश्न हाय.”

“मालक, त्ये खाऊन मेंढरू जगतंय व्हय?”

याची नोंद ‘मेंढपाळाने प्रयोगाबद्दल जिज्ञासा दाखवली’ अशी झाली.

त्याच ठिकाणी उभ्याने तातडीची सभा भरली. एकदा आलेला निकाल योगायोग असू शकतो. तीनदा आला तर ते शास्त्र होते, असे ठरले. म्हणून रविवारी आणि सोमवारी सायंकाळी पुन्हा मीठ टाकून सोमवारी व मंगळवारी सकाळी निरीक्षण घेण्याचा ठराव झाला. सूचक अध्यक्ष, अनुमोदक सर्व.

रविवारी दुपारी उन्हाने मेंढ्यांना तहान लागली तेव्हा कोळेकर दांपत्याने कळप कसाबसा तीन किलोमीटर पुढे नेला आणि जाळीच्या वाडग्यात कोंडला. सायंकाळी मंडळाने चार पोती मीठ टाकले. सोमवारी पहाटे जाळी काढताच एकशे चौदा मेंढ्या वळसंगकडे पाठ करून तीन किलोमीटर मागे आल्या आणि सहा वाजून पाच मिनिटांनी, म्हणजे समितीच्या आधी, चाचणीस हजर झाल्या. ‘अ’ एक्केचाळीस, ‘ब’ सतरा, ‘क’ पाच. आकडा एकानेही हलला नाही. इतकी नियमित उपस्थिती मंडळाच्या कोणत्याही दौऱ्याला लाभलेली नाही.

याच दिवशी मंडळाने ज्ञानाच्या क्षेत्रात मोलाची भर घातली. सायकलीला देखभाल किती लागते, हे आजवर ‘जास्त’, ‘कमी’ अशा मोघम शब्दांत सांगितले जाई. मंडळाने त्यासाठी एकक ठरवले: मेंढी. एका सायकलीला एका सकाळी जितक्या मेंढ्या लागतात, तितकी तिची देखभाल. ‘अ’ची देखभाल एक्केचाळीस मेंढ्या, ‘ब’ची सतरा, ‘क’ची पाच. शेळी हे एकक धरावे अशी एक उपसूचना आली होती. शेळी सायकलीचे सीट खाते, हे प्रात्यक्षिकाने दिसल्यावर ती फेटाळण्यात आली.

आकडे इतके स्पष्ट आल्यावर निवड सोपी व्हायला हवी होती. तसे झाले नाही, आणि यातच समितीची खोली दिसते. ‘क’ला पाचच मेंढ्या लागतात हे सर्वांनी मान्य केले. परंतु ‘क’वर बसलेला माणूस लांबून दूधवाल्यासारखा दिसतो, असा आक्षेप सात जणांनी घेतला. शिवाय ‘क’ ही नदाफ यांनी चार मिनिटांत सांगितलेली सायकल होती. तीच निवडायची तर पंधरा दिवस समितीने केले काय, असा प्रश्न लोक विचारतील. उलट ‘अ’ला मेंढ्या जास्त लागतात हा दोष सायकलीचा नसून मेंढ्यांच्या संख्येचा आहे. अकरा सायकलींना रोज चारशे एक्कावन्न मेंढ्या लागतील. उपलब्ध एकशे चौदा. तूट तीनशे सदतीसची. ही तूट भरून काढण्यासाठी कोळेकर यांनी आपल्या ओळखीचे आणखी तीन कळप या हंगामात सोलापूरकडे वळवावेत, असे पत्र देण्याचे ठरले.

सोमवारी दुपारी एकला बिरुदेव स्वतः अध्यक्षांच्या दुकानात गेले. चिमाबाई बरोबर होत्या; मेंढ्या जाळीत, कुत्र्यांच्या राखणीला. वह्यांच्या गठ्ठ्यांमध्ये दोघांना स्टुलावर बसवून पाणी देण्यात आले.

“मालक, आज तेवडं मीट टाकू नका. एक दिस. मेंढरं नेतो आन् जातो आमी.”

“टाकू नका म्हणजे ठराव बदलायला लागतो, मामा. त्याला अर्ज पाहिजे.”

“मला लिवता येत न्हाय.”

“त्याची काळजी करू नका. रेश्मा मॅडम लिहून देतील.”

रेश्मा येमूल यांनी अर्ज लिहिला, चांगल्या अक्षरात, कोणताही मोबदला न घेता. मग चिटणीस या नात्याने तो स्वीकारला, त्यावर आवक क्रमांक घातला, आणि अर्जदाराची सही नाही असा शेरा मारून परत केला. बिरुदेव यांनी अंगठा दिला. अर्ज मंगळवारी सायंकाळी पाचच्या सभेपुढे ठेवण्यात येईल, असे त्यांना सांगण्यात आले.

“मंगळवारी दिस पावणेसाला बुडतोय,” चिमाबाई म्हणाल्या.

“सभा वेळेवर सुरू होईल, मावशी. त्यात आम्ही कडक हाव.”

जाताना अध्यक्षांनी त्यांना चांगली बातमीही दिली. मंडळाने बिरुदेव यांना ‘मानद देखभाल प्रमुख’ नेमले होते. अंधारात चमकणारे एक जाकीटही तयार होते.

“मानद म्हंजी?” चिमाबाईंनी विचारले.

“म्हणजे पगार नसतो. मान असतो.”

“आन् त्यो कुटं बांदायचा? घोड्यावर आदीच लई हाय.”

सोमवारच्या सायंकाळचे मीठ मात्र आधीच्या ठरावानुसार टाकावेच लागले. तीन पोती.

दरम्यान शिवानंद यांचा फोन आला. दांपत्य तेव्हा दोन किलोमीटर पुढे, रस्त्याच्या कडेला भाकरी खात बसले होते. “बिरुदेवण्णा, लगू बर्री, लवकर या! दुसरा मेंढकीवाला बांधावर येऊन बसलाय की. मी त्येला सांगितलंय, मंगळवारी दिस बुडंपर्यंत रान बिरुदेवण्णाचं. पुढं माझा इलाज नाय बघा.”

“येतो मालक. सायकलींनी आडवलंय.”

“आक्सिडेंट झाला का काय?”

“न्हाय. चाटत्यात.”

शिवानंद यांनी फोन ठेवला. त्यांनी काय समजून घेतले, हे कळू शकलेले नाही.

मंगळवारी सकाळी तिसरे निरीक्षण झाले. एक्केचाळीस, सतरा, पाच. शास्त्र पूर्ण झाले. सभासद एकमेकांशी हस्तांदोलन करत असताना (हातमोजे काढून, सव्वाआठ झाले होते) चिमाबाईंनी घोड्यावरचे एक रिकामे पोते काढले आणि तुराट्यांचा खराटा घेऊन रस्ता झाडायला सुरुवात केली. दोनशे मीटर झाडायला वेळ लागला, कारण मेंढ्या खराट्याच्या पुढेपुढे होत्या. अर्धे पोते भरले. ते त्यांनी घोड्यावर टाकले.

“मावशी, ते चाचणीचं साहित्य आहे!” रेश्मा येमूल म्हणाल्या.

“साहित्य व्हय? आमी म्हटलं मीट हाय.”

“मावशी, पावती तरी द्या.”

“मेंढरांनी चाटून दिली की तीन दिस.”

सव्वाअकरा वाजता चिमाबाई घोड्यापुढे चालू लागल्या. वीस-पंचवीस पावलांवर एक चिमूट रस्त्यावर टाकायच्या. एकशे चौदा मेंढ्या मागे, त्यांच्या मागे कुत्री, शेवटी बिरुदेव. जोडरस्ता रिकामा झाला. सभासद काही वेळ त्या दिशेने पाहत राहिले. पाठलाग करावा असा विचार पुढे आला होता, पण तिन्ही नव्या सायकली पुरावा म्हणून जपायच्या होत्या आणि सभासदांच्या आपापल्या सायकली देखभालीत होत्या. म्हणून बिरुदेव यांच्या फोनवर व्हॉट्सअ‍ॅपने नोटीस पाठवण्यात आली. त्यांचा फोन बटनांचा आहे. नोटिशीला एकच खूण पडलेली असून ती अजून एकच आहे.

शिवानंद यांचे रान तेथून चौदा किलोमीटर. दुपारी चार वाजून वीस मिनिटांनी वळसंगकडून सोलापूरला येणाऱ्या एका रिक्षाचालकाला हा कळप दिसला. रानाला चार किलोमीटर राहिले होते. एका ओढ्यावरच्या बंधाऱ्यात एकशे चौदा मेंढ्या पाणी पीत होत्या आणि उठायला तयार नव्हत्या. तीन दिवसांत तेरा पोती मीठ पडलेल्या रस्त्यावरून आलेल्या मेंढीला किती तहान लागते, याचा निकष बावीसमध्ये नाही. दहा किलोमीटरला पाच तास लागले होते. सूर्यास्त पाच वाजून बावन्न मिनिटांनी होता. याच चालीने एक किलोमीटर कमी पडत होता.

“दादा, मीट संपलंय,” चिमाबाईंनी पोते उलटे करून दाखवले. त्यातून दोन ओंजळी निघाल्या. “ती सायकलवाली मान्सं हायत. त्यास्नी म्हणावं, एक पोतं धाडा की हितवर. मेंढरं उटत न्हायती. आन् लवकर धाडा.”

रिक्षाचालकाने बिरुदेव यांच्याकडून नंबर घेऊन फोन लावला. मंडळाकडे मिठाची दोन पोती शिल्लक होती. चार मोटारीही दारात होत्या. रिक्षाचालक परत फिरायला आणि पोते पोहोचवायला तयार होता. अध्यक्षांनी चिटणिसांना विचारले, चिटणिसांनी विषयपत्रिका पाहिली, विषय नव्हता. शिवाय एक विसंगती निदर्शनास आली. सोमवारी ‘मीठ टाकू नका’ असा अर्ज, मंगळवारी ‘मीठ द्या’ असा निरोप: अर्जदाराची भूमिका बदलती आहे, अशी नोंद घेऊन निरोप दप्तरी ठेवण्यात आला.

सभा ठीक पाचला सुरू झाली. बिरुदेव कोळेकर यांच्या अर्जावर सहानुभूतिपूर्वक चर्चा झाली. एका सर्वसाधारण सभासदाने गरिबांच्या प्रश्नाकडे पाहण्याची दृष्टी बदलली पाहिजे, असे सांगितले, टाळ्या झाल्या. पाच वाजून वीस मिनिटांनी अर्ज एकमताने मंजूर झाला. पुढील आदेशापर्यंत जोडरस्त्यावर मीठ टाकू नये, असा ठराव असून त्याची प्रत अर्जदारास द्यावयाची आहे. अर्जदार सभेस अनुपस्थित असल्याबद्दल नाराजी व्यक्त झाली.

त्यानंतर सायकलीवर मतदान झाले. गुप्त मतदान, एकाच फेरीत स्पष्ट बहुमत. निकाल एका पाकिटात घालून लाखेने बंद करण्यात आला असून तो अठ्ठावीस तारखेला पहाटे फोडण्यात येईल. पाच वाजून चाळीस मिनिटांनी आभार मानण्यात आले. सभासद बाहेर आले तेव्हा पश्चिमेकडे सूर्य अजून दिसत होता.

ही हकीकत मंगळवारी सायंकाळीच शहरात पसरली. बुधवारी सकाळी नऊपर्यंत या वृत्तपत्राच्या कार्यालयात वाचकांचे एकशे सत्त्याऐंशी फोन आले. सर्वांनी एकच प्रश्न विचारला: पाकिटात कोणती सायकल आहे? चौघांनी त्याशिवाय आपल्या सायकलीला किती मेंढ्या लागतील, हेही विचारून घेतले. शिवानंद यांचा नंबर हाताशी आहे आणि तो लागतो. बिरुदेव कोळेकर दिवस बुडायच्या आत रानात पोहोचले का, हे मात्र एकाही वाचकाने विचारलेले नाही. मागणी नसल्याने ती माहिती घेण्यात आलेली नाही.